कासच्या फुलांचं शुभेच्छापत्र: शिक्के आणि डायकटची झाडं, पहिल्या घडीपासून पाकिटापर्यंत

बाजारात मिळणाऱ्या शिक्के आणि डाय (कागद हव्या त्या आकारात कापणारे धारदार साचे) यांच्या संचांत बहुतेक वेळा नीलगिरीच्या डहाळ्या, फर्न, लव्हेंडर आणि गुलाब असतात. ते कोपऱ्यात गुच्छ करून चिकटवले की कार्ड छान दिसतं, पण ते कुठल्याही गावचं वाटतं. साताऱ्याहून दसऱ्या-दिवाळीला जाणाऱ्या कार्डावर कासचं पठार आणायचं असेल तर आधी मांडणी बदलावी लागते. पठारावरची फुलं गुच्छात नसतात, थरांत असतात. खाली जांभा खडक, त्यावर बोटभर माती, त्यात गवत, गवतातून वर आलेले गेंदाचे पांढरे गोळे, मध्ये सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक, पुढे पिवळी सोनकी आणि वर भरपूर ढगाळ आभाळ. झाडं बुटकी असतात, म्हणून कार्डाचा वरचा निम्मा भाग मोकळाच राहिला पाहिजे. तो भरायचा मोह आवरला की अर्धं काम झालं.

कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे आणि तिथली फुलं तोडायला बंदी आहे. वाळवलेली फुलं चिकटवून केलेली कार्डं म्हणूनच इथे बाद. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठारावर जाऊन फोटो काढून आणा. झाडाची उंची, पानाची कड आणि फूल देठावर कसं बसतं हे फोटोत नीट दिसलं पाहिजे. पुढचं सगळं काम त्यावरूनच करायचं आहे.

कागद आणि माप

तळाच्या कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पांढरा, गुळगुळीत कागद घ्या. ए-फोर ताव (२१० बाय २९७ मिमी) आडवा मधोमध कापला की २१० बाय १४८ मिमीचे दोन तुकडे मिळतात. प्रत्येकाला १०५ मिमीवर घडी घातली की १०५ बाय १४८ मिमीचं उभं कार्ड तयार. ते ११४ बाय १६२ मिमीच्या सी-सिक्स पाकिटात बरोबर बसतं. पंचवीस-पन्नास कार्डं करायची असतील तर लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून कागद कापून घ्या. त्यांच्या कटिंग मशीनवर येणारा काटकोन घरच्या कटरवर येत नाही.

घडी घालण्याआधी कागदाचा कल तपासा. ताव न दुमडता हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वळणाची रेघ तंतूंना समांतर असते आणि घडी त्याच रेघेला समांतर हवी. उलट घातली तर घडीवर कागद फुटतो आणि पांढरे तंतू दिसतात. ए-फोर तावात तंतू बहुधा लांबीच्या बाजूने असतात, त्यामुळे वर सांगितल्याप्रमाणे कापलं की घडी आपोआप योग्य दिशेला येते. स्टीलच्या पट्टीला धरून रिफिल संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा. मग कार्ड अशा बाजूने दुमडा की दाबलेली खाच बाहेर आणि मागून उठलेली कड आत राहील. बरेच जण नेमकं याच्या उलट करतात, आणि मग कार्ड नीट मिटत नाही.

दर्शनी पट्टा वेगळा कापायचा: ९७ बाय १४० मिमी, २०० ते २५० जीएसएम. चारही बाजूंना चार मिलिमीटरची पांढरी कड राहते. सगळं रंगकाम या पट्ट्यावरच होतं. बिघडलं तर एवढाच तुकडा जातो, तळाचं कार्ड वाचतं.

यांशिवाय लागणारं सामान असं: विटकरी-तपकिरी कार्डशीटची ९७ बाय ४० मिमीची पट्टी, पिवळी, दोन छटांतली हिरवी आणि पांढरी कार्डशीट (१६० ते २२० जीएसएम), एक मिलिमीटर जाडीचा फोमटेप, सहा मिलिमीटरचा दुहेरी चिकटटेप, बारीक तोंडाच्या बाटलीतला पांढरा गोंद आणि पांढरं जेलपेन. शाईत राखाडी-निळी, जांभळी, गडद हिरवी आणि तपकिरी एवढे चार इंकपॅड पुरतात.

शिक्के कुठून आणायचे

सोनकीचा किंवा गेंदाचा तयार शिक्का सहसा मिळत नाही. तो करून घेता येतो, आणि ही वाट फार कमी जण वापरतात. दुकानांचे आणि संस्थांचे रबरी शिक्के बनवणारे कारागीर सातारा, सांगली, कराड, मिरजेतच काय, तालुक्याच्या बहुतेक गावांत आहेत. त्यांना शुद्ध काळ्या-पांढऱ्या रेघांचं चित्र, प्रत्यक्ष मापात, ६०० डीपीआयवर स्कॅन करून द्या. करड्या छटा, पेन्सिलची सावली चालत नाही. रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, कारण त्याहून बारीक रेघ रबरात टिकत नाही आणि छापताना वाकते. दोन रेघांमधली मोकळी जागाही तेवढीच ठेवा, नाहीतर ती शाईने भरते. शाई भरलेला स्वयंचलित शिक्का घेऊ नका, लाकडी मुठीचा साधा घ्या. एकाच रबरावर गवताची तीन पाती, सोनकीचं दातेरी पान आणि ‘शुभेच्छा’ अशी तीन चित्रं बसवून घेऊन नंतर कापून वेगळी केली तर खर्चही वाचतो. देवनागरी मजकुराची उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत निदान सहा मिलिमीटर ठेवा. त्याहून लहान केल्यास ‘च्छा’सारख्या जोडाक्षरांतल्या फटी बुजतात.

सीतेच्या आसवांसाठी साधा पांढरा खोडरबर पुरतो. आठ मिलिमीटरच्या फुलाची आकृती (वर छोटी पाकळी, खाली रुंद पसरलेली पाकळी) पेन्सिलने ट्रेसिंग पेपरवर काढून रबरावर उलटी दाबा आणि कटरच्या टोकाने भोवतालचं रबर काढून टाका. पातं आकृतीपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा. आतल्या बाजूला धरलं तर कडेखालचं रबर पोखरलं जातं आणि दोन-चार छापांत कड तुटते.

पारदर्शक फोटोपॉलिमरचे तयार शिक्के वापरणार असाल तर नव्या शिक्क्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, सगळीकडे धरत नाही. साच्यातून निघताना पृष्ठभागावर राहिलेला थर हे त्याचं कारण. मऊ खोडरबर त्यावर हलकेच चार-सहा वेळा फिरवा, पुसा आणि रद्दी कागदावर दोन छाप घेऊन टाका. ॲक्रिलिक ब्लॉकला चिकटणं कमी झालं तर साबणाच्या पाण्याने धुऊन वाऱ्यावर वाळवा. उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात.

आभाळ आणि दूरची फुलं

दर्शनी पट्टा टेबलावर कमी चिकट टेपने धरा. स्पंजच्या गोल तुकड्यावर राखाडी-निळी शाई घ्या आणि तो पट्ट्याच्या बाहेर, रद्दी कागदावरच गोल फिरवायला सुरुवात करा. फिरवत फिरवत आत या. स्पंज थेट पट्ट्यावर टेकवला की जो गडद डाग पडतो तो नंतर कशानेच जात नाही. वर गडद, खाली येताना फिकट आणि तळापासून ५० मिमीच्या खाली जवळजवळ पांढरं, असं उतरवा. सप्टेंबरचं कासचं आभाळ स्वच्छ निळं नसतं, त्यामुळे रंग थोडा असमान बसला तरी तो ढगांचाच वाटतो.

ही शाई पाच मिनिटं वाळली की खोडरबराच्या शिक्क्याने जांभळ्या शाईत सीतेची आसवं उमटवा. तळापासून ३५ ते ५५ मिमीच्या पट्ट्यातच उमटवायची, पण विखुरलेली. इथे एक युक्ती महत्त्वाची आहे: शिक्का एकदा शाईत बुडवून तीन छाप घ्या. पहिला गडद, दुसरा मध्यम, तिसरा फिकट येतो. फिकट छाप वरच्या बाजूला आणि गडद खाली ठेवले की दूरचं-जवळचं आपोआप दिसतं, वेगळी छटा लागत नाही. या वनस्पतीला डोळ्यांना दिसण्याजोगं मोठं पान नाही, फक्त तारेसारखा देठ असतो, म्हणून हिरव्या बारीक पेनने सरळ रेघ ओढा आणि पानं काढू नका. प्रत्येक फुलाच्या मध्याशी पांढऱ्या जेलपेनचा एक ठिपका पुरे.

छाप अर्धवट आला तर कारण बहुधा शाईत नसून टेबलात असतं. कडक पृष्ठभागावर शिक्क्याचा आणि कागदाचा बारीकसा उंचसखलपणा भरून निघत नाही. कागदाखाली माऊसपॅड किंवा दोन-तीन मिलिमीटरचा फोम ठेवा, सरळ खाली दाबा, दोन सेकंद धरा, सरळ वर उचला. शिक्का डोलवला तर चित्राभोवती शाईची दुसरी कड उमटते. इंकपॅडवर शिक्का दाबून धरण्याऐवजी हलके तीन-चार ठोके द्या, कारण दाबला की शाई रेघांच्या कडेवरून खाली उतरते आणि छापाभोवती फिकट वलय येतं.

पुढे ब्रशने पाणी लावून रंगवायचं असेल तर बाह्यरेषेला पाण्याने न विरघळणारी शाई हवी. साधी डाय-शाई (विरघळलेल्या रंगाची पातळ शाई, कापायच्या डायशी तिचा संबंध नाही) पाणी लागताच पसरते. उलट अल्कोहोल मार्करने रंगवणार असाल तर स्पिरिटवर बनलेली शाई टाळा, ती मार्करखाली विरघळते. ही अदलाबदल सगळ्यांत जास्त कार्डं खराब करते.

डाय आणि मशीन

पातळ पोलादी डाय आणि हाताने फिरवायचं मशीन घरी असेल तर सोनकीसाठी आठ ते बारा पाकळ्यांचं साधं डेझीचं डाय (१८ आणि १५ मिमी), गवतासाठी कुठलंही उभ्या पात्यांचं डाय आणि दातेरी कडेचं एक लहान पान एवढं पुरतं. नसेल तर चिंता नको. सोनकीची फुलं लहान कात्रीने कापता येतात, आणि ऑफिसमधल्या पंचिंग मशीनचं भोक साधारण सहा मिलिमीटरचं असतं, म्हणजे गेंदाचा गोळा आयता मिळतो.

थर लावण्याचा क्रम बहुतेक मशीनांत सारखाच: तळाचा प्लॅटफॉर्म, कटिंग प्लेट, त्यावर डाय धार वर करून, धारेवर कागद, वर दुसरी प्लेट. एकूण जाडी आपल्या मशीनच्या माहितीपत्रकात दिली असेल तीच ठेवा. मूठ फिरवताना कडकड आवाज येणं साहजिक आहे, मूठ अडकणं नाही. अडकली तर जोर न लावता उलटी फिरवून बाहेर काढा आणि थर मोजा.

कागद एखाद्याच जागी कापला जात नसेल तर प्लेट त्या जागी झिजली किंवा वाकली आहे. डाय थोडं सरकवून तिरकं ठेवा, म्हणजे सगळी लांब धार एकाच वेळी रोलरखाली येत नाही. तरी जमलं नाही तर प्लेटवर साध्या झेरॉक्स कागदाचा एक तुकडा ठेवून पुन्हा फिरवा. एकाचे दोन चालतील. तिसरा घालावा लागत असेल तर कागद जास्त जाड आहे. प्लेट प्रत्येक वेळी उलटीपालटी करत राहिलात तर ती वाकत नाही. बारीक गवत डायमध्ये अडकून फाटतं, त्यावर उपाय म्हणजे डाय आणि कागद यांच्यामध्ये बेकिंगचा मेणकागद घालणे. मागच्या भोकांतून सुईने ढकलताना एका टोकापासून क्रमाने या. मधूनच टोचलं की पातं तुटतं.

गवताच्या कागदाला कापण्याआधीच मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी शीट लावून घ्या. मग पाती स्टिकरसारखी निघतात आणि एक मिलिमीटरच्या पात्याला गोंद लावण्याचा त्रास उरत नाही. सरसकट सगळ्याला मात्र ही शीट लावू नका, फुलं फुगवून बसवायची आहेत आणि ती चिकट पाठीने फुगत नाहीत.

शिक्का मारलेलं पान त्याच मापाच्या डायने कापताना छाप आणि धार जुळवणं हा कटकटीचा भाग आहे. एकच पान असेल तर आधी छापा, मग डाय वर ठेवून कमी चिकट टेपने धरा आणि कापा. पाच-सहा कार्डांसाठी पंधरा-वीस पानं लागतात तेव्हा उलटं करा. आधी झेरॉक्स कागदातून एक पान कापा आणि उरलेली खिडकी शिक्के मारायच्या चौकटीत (शिक्का दर वेळी त्याच जागी उमटवणारं साधन) टेपने पक्की चिकटवा. कोरी कापलेली पानं एकेक करून त्या खिडकीत बसवत शिक्का मारत जा. पहिलं जुळवायला पाच मिनिटं लागतात, नंतरची सगळी एकाच जागी पडतात.

सोनकी, गेंद आणि जांभा

पाच सोनकीची फुलं लागतील, तीन मोठी आणि दोन लहान. मोठ्या फुलाला १८ मिमीचा थर खाली, १५ मिमीचा वर, आणि वरच्या पाकळ्या खालच्यांच्या फटींवर येतील असा तो फिरवून लावा. लहान फुलाला १५ मिमीचा एकच थर. चिकटवण्याआधी प्रत्येक थर माऊसपॅडवर पालथा ठेवून विणकामाच्या सुईच्या गोल टोकाने पाकळ्या टोकाकडून मध्याकडे दाबा, मग सुलटा करून मध्य दाबा. पाकळ्या वर उचलल्या जातात. सोनकीचा मध्यही पिवळाच असतो, पाकळ्यांपेक्षा किंचित गडद, त्यामुळे तपकिरी मध्य लावू नका. तपकिरी लावला की त्याचं सूर्यफूल होतं. दोन मिलिमीटरची मोहरी-पिवळी टिकली आणि तिच्याभोवती पिवळ्या-केशरी पेन्सिलची हलकी छटा एवढंच.

गेंदाचे नऊ गोळे: पांढऱ्या शीटमधून पंच करा, माऊसपॅडवर दाबून घुमट काढा, कडेला राखाडी-निळ्या शाईचा स्पंज एकदाच टेकवा. देठ एक मिलिमीटर रुंदीच्या हिरव्या पट्ट्यांचे, २५ ते ५० मिमी लांब, सगळे वेगवेगळ्या उंचीचे. गेंदाची पानं देठावर नसतात, तळाशी चक्रासारखी असतात. तुमच्या कार्डावर तळ खडकाआड जाणार आहे, म्हणून ती करावी लागत नाहीत.

विटकरी पट्टीची वरची कड स्टीलची पट्टी न लावता हाताने फाडा. स्वतःकडे ओढत फाडली तर फाटलेली पांढरी कड दिसते, दूर ढकलत फाडली तर ती मागे राहते. जांभ्याला दुसरी रीत बरी. कड सरळ येऊ देऊ नका, ४० मिमीची पट्टी कुठे ३५ तर कुठे २८ मिमी उंच राहू द्या. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा तपकिरी शाईत टेकवून पट्टीवर उमटवला की जांभ्याची भोकं-भोकं दिसतात. ही पट्टी दर्शनी पट्ट्याच्या तळाशी चिकटवताना गोंद फक्त खालच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना लावा. वरचे दहा-बारा मिलिमीटर मोकळे ठेवा, म्हणजे खिसा तयार होतो. सगळ्या झाडांचे देठ या खिशात खोचायचे. या एका गोष्टीमुळे झाडं कार्डावर ठेवल्यासारखी न दिसता खडकातल्या मातीतून उगवल्यासारखी दिसतात, आणि देठांची कापलेली टोकंही लपतात.

क्रम असा: आधी गवत, मग गेंद, मग सोनकीचे देठ आणि पानं, शेवटी सोनकीची फुलं. गोंद लावण्यापूर्वी सगळं सुकं मांडून मोबाईलवर फोटो घ्या. फोटोत रचनेचा तोल लगेच कळतो. गेंद एका रांगेत आले असतील तर दोन काढून टाका. मोठ्या तीन फुलांपैकी दोन जवळ-जवळ आणि तिसरं थोडं दूर ठेवा. मोठ्या फुलांखाली फोमटेपचा चार मिलिमीटरचा चौकोन, लहानांना नुसता गोंद. गोंद टाचणीच्या डोक्याएवढा घ्यायचा, जास्त झाला की पाण्यामुळे पातळ कागद सुरकुततो.

साताऱ्याच्या वायतुऱ्याला जागा द्यायची असेल तर एका देठाला वर दोन फाटे कापा. खडकातल्या उथळ पाण्यात तो तसाच उभा असतो. सांगलीकरांनी खडकाऐवजी काळी माती आणि गेंदाऐवजी हळदीची पानं घ्यावीत. कर्दळीच्या पानाचं डाय चालतं, मधली शीर आणि तिच्यापासून तिरक्या निघणाऱ्या समांतर शिरा रिकाम्या बॉलपेनने दाबायच्या. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचा रंगच कागदावर लावायचा विचार मनात येतो, पण हळदीचा पिवळा उजेडात फिका पडतो आणि चुना किंवा साबण लागला की लाल होतो. भिंतीवर लावायच्या कार्डाला तो वापरू नये.

मजकूर आणि पावसाळी हवा

‘शुभेच्छा’ तळापासून १०५ ते १२० मिमीच्या मध्ये, मोकळ्या आभाळात. गडद हिरवी पिगमेंट शाई (सावकाश वाळणारी) आणि पारदर्शक एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून उठाव देणारी) वापरल्यास अक्षरं उठून येतात. आधी कागदावर कापडात बांधलेली टाल्कम पावडर हलकेच फिरवा, शिक्का मारा, शाई ओली असतानाच एम्बॉसिंग पावडर टाका, झटका आणि हीटगनने पाच-सहा सेंटिमीटरवरून तापवा. अक्षर चमकलं की लगेच पुढे सरका, जास्त तापलं की पावडर कागदात मुरते आणि तेलकट डाग दिसतो. केस वाळवायचा ड्रायर पावडर उडवतो, वितळवत नाही. हे काम फोमटेप आणि फुलं लावण्याआधीच उरकायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात कागद सादळतो. तेव्हा एम्बॉसिंग पावडर नको तिथेही चिकटते, डायने कापलेली कड मऊ राहून फाटते आणि वाळलेला पट्टा तळाच्या कार्डावर कमानीसारखा उचलला जातो. कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं हीटगनच्या कोमट झोतात फिरवा. सांगलीच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात याच्या उलट, इंकपॅड भराभर वाळतात. फोमचे डाय-शाईचे पॅड झाकण लावून पालथे ठेवले की शाई पृष्ठभागाशी राहते.

दर्शनी पट्टा तळाच्या कार्डावर दुहेरी टेपने चिकटवा आणि अर्धा तास पुस्तकाखाली ठेवा. फुलांवर वजन येऊ नये म्हणून पुस्तक फक्त आभाळाच्या भागावर ठेवायचं.

टपालाने पाठवताना

२५० जीएसएमच्या कागदाचं हे कार्ड साध्या पाकिटासह साधारण पंधरा ते अठरा ग्रॅम भरतं, म्हणजे पत्राच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात राहतं. फुलांवर ठेवायच्या सुट्या तुकड्याने दोन-तीन ग्रॅम वाढतात, म्हणून सगळं आत घालून घरच्या काट्यावर तोलून बघा, जाड कागद घेतला किंवा फोमटेप भरमसाट वापरला असेल तर नक्कीच. पाकिटात कार्ड घालताना फुलांची बाजू पाकिटाच्या झाकणाकडे ठेवा. तिकिटावर तारखेचा ठसा दणकून मारला जातो आणि फुलं पत्त्याच्या बाजूला असली तर सोनकी चपटी होते. फुलांवर १०० बाय १४५ मिमीचा साधा कार्डशीटचा सुटा तुकडा ठेवून मगच पाकीट बंद करा, आणि पत्ता आधी लिहून घ्या, कार्ड आत असताना लिहिला की पेनाचा दाब आत उमटतो.